आधी छेद, मग काटाकाटी

पुणे–लोणावळा लोकलचा मार्ग साधारण ६४ किलोमीटरचा. गाडीचा वेग ताशी क्ष किलोमीटर धरला, तर लागणारा वेळ ६४/क्ष तास. आता क्ष = ० घाला. गाडी पुणे स्टेशनातून हललीच नाही, मग लोणावळ्याला पोचायला किती तास? याला उत्तरच नाही. तिथे ६४/क्ष हे फल (क्ष घातला की किंमत देणारा नियम) अव्याख्यात आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ असं नाव देऊन ती अनंत मानली होती. आजचं गणित तिला किंमतच देत नाही.

परिमेय फल म्हणजे वर बहुपदी, खाली बहुपदी. अव्याख्यात जागा शोधताना अंशाकडे ढुंकूनही बघायचं नाही. छेद = ० मांडा आणि सोडवा. उदाहरणार्थ,

(क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − ९)

क्ष² − ९ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा −३. झालं!

पण सदाशिव पेठेत माझ्याकडे शिकवणीला येणारी अकरावीची मुलं नेमकी इथेच घसरतात. अवयव पाडले, (क्ष − ३)(क्ष + २) / (क्ष − ३)(क्ष + ३), की हात शिवशिवतात. (क्ष − ३) वर-खाली कापतात आणि उत्तरात फक्त −३ लिहितात. अरे, मूळ फलात ३ घालून तर बघा: वर ०, खाली ०.

दोन्ही जागा अव्याख्यात, पण स्वभाव वेगळे. २.९९ आणि ३.०१ घातलं तर दोन्हीकडे सुमारे ०.८३३ येतं, आलेख ५/६ च्या उंचीवरून शांतपणे जातो, फक्त एका बिंदूचं भोक ठेवून. −२.९९ ला मात्र −९९, आणि −३.०१ ला थेट १०१! म्हणून संक्षिप्त रूप (क्ष + २)/(क्ष + ३) लिहिलंत, तरी शेजारी ‘क्ष ≠ ३’ लिहाच. −३ छेदात दिसतोच.

छेद क्ष² − ५क्ष असेल तर क्ष ने भागू नका, ० हातचा जाईल. क्ष सामाईक काढा. अवयव पडत नसतील तर वर्गसमीकरणाचं सूत्र वापरा. त्यात वर्गमुळाखाली येणारा विवेचक ऋण आला, जसा क्ष² + ४ चा येतो, तर वास्तव संख्यांत अशी जागाच नाही.

छेदातच आणखी अपूर्णांक असेल तर प्रत्येक छेद तपासा. १ / (१ − १/क्ष) मध्ये १ सगळ्यांना सापडतो. ० आतल्या छेदात दडलेला असतो, आणि सोपं रूप क्ष/(क्ष − १) केलं की तो दिसेनासाच होतो.