आउटलाइन काढताना एकच विचारा: हे नक्की कोण बोलतंय?

मीडिया स्टडीजच्या तासाला अख्ख्या पुस्तकाची आउटलाइन मागितली की बहुतेक जण अनुक्रमणिका उघडतात, प्रकरणांची नावं एकाखाली एक उतरवतात आणि प्रत्येकाखाली दोन-तीन मुद्दे भरून मोकळे होतात. दिसायला छान दिसतं. पण त्यावरून निबंध लिहायला बसलं की हाती काहीच लागत नाही, कारण लेखकाने विषयाच्या फोडी कशा केल्या एवढंच अनुक्रमणिकेवरून कळतं. त्याला म्हणायचंय काय, हे तिच्यात नसतं.

प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी वाचायचं, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. ते बरोबर आहे, पुढे जाऊ. मला जिथे फटका बसला तिथे जरा थांबते.

अभ्यासग्रंथातलं प्रत्येक ठाम वाक्य लेखकाचं मत नसतं. चांगला अभ्यासक आधी पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचं खंडन करायचंय ते दुसऱ्यांचं म्हणणं, मांडतो, आणि तो इतक्या नेकीने मांडतो की वाचणाऱ्याला तेच त्याचं म्हणणं वाटावं. खंडन येतं काही पानांनंतर. तोवर आपण दमलेलो असतो, मुद्दे टिपून झालेले असतात, चहाला उठलेलो असतो.

ब्रिटिश अभ्यासक रेमंड विल्यम्स यांचं टेलिव्हिजनवरचं 1974 चं पुस्तक घ्या. पहिल्याच प्रकरणात नऊ क्रमांकित विधानं आहेत: टीव्हीचा शोध लागला आणि त्याने बातम्या, करमणूक, कुटुंब, समाज हे सगळं कसं बदललं, या धर्तीची. क्रमांक घातलेले, सुटसुटीत, आउटलाइनमध्ये उचलून टाकायला अगदी तयार. आणि त्यातलं एकही विधान विल्यम्स यांना जसंच्या तसं मान्य नाही! लोक टीव्हीबद्दल काय काय म्हणतात, त्याची ती यादी आहे. माझ्या निबंधात ती ‘विल्यम्स म्हणतात’ म्हणून गेली. मॅडमनी समासात ‘कोण म्हणतं?’ एवढंच लिहिलं आणि मार्क कापले. त्या दोन शब्दांनी मला जे शिकवलं ते सेमिस्टरभरच्या स्लाइड्सनी शिकवलं नव्हतं.

तर वहीत पहिल्या प्रकरणाची नोंद ‘टीव्हीने जग बदललं’ अशी करू नका. साधारण अशी करा: ‘नऊ प्रचलित विधानं, पूर्वपक्ष. पहिली पाच: तंत्रज्ञानच बदल घडवतं. पुढची चार: बदल चालूच असतो, तंत्रज्ञान त्याचं लक्षण. वि. दोन्ही गट नाकारतात, कारण दोन्हींत तंत्रज्ञान समाजापासून सुटं पडतं. वि. यांचं स्वतःचं: तंत्रज्ञान शोधलं जातं तेव्हा काही हेतू आधीच मनात असतात, तो हेतू विचारात घ्या.’ आणि प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक. एवढी एक नोंद जमली की पाचव्या प्रकरणात ते मॅक्लूहन यांच्यावर, म्हणजे माध्यमच समाज घडवतं म्हणणाऱ्या अभ्यासकावर, का तुटून पडतात तेही आपोआप कळतं, कारण धागा तोच आहे. पहिलं प्रकरण उलटं वाचलं, तर पाचव्यात हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध बोलतोय असं वाटतं.

मी आता समासात फक्त दोन खुणा करते, पूर्वपक्षाला ‘पू.’ आणि उत्तरपक्षाला, म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या उत्तराला, ‘उ.’. रंगीत हायलायटरवर माझा काडीचा विश्वास नाही. पिवळं केलेलं वाक्य कोणाचं आहे हे पिवळा रंग सांगत नाही. ‘असं मानलं जातं’, ‘वरवर पाहता’, ‘या मतानुसार’ असे शब्द दिसले की थांबायचं. पण दर वेळी अशी पाटी लावलेली नसते, म्हणून प्रकरण संपेपर्यंत खूण पेन्सिलीनेच करा.

हे पहिल्या पुस्तकाला जमणार नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. वेळ लागतो. अर्धं पुस्तक वाचून झाल्यावर पहिल्या प्रकरणाची नोंद खोडावी लागली, तर पुस्तक समजू लागलंय असं खुशाल समजा.

आयते सारांश आणि सीनियर्सच्या नोट्स यांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि चॅटबॉटने काढून दिलेल्या गोषवाऱ्याबद्दल त्याहून वाईट. त्यांत पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची सरमिसळ झाली, तरी मूळ पान न उघडता ती तुम्हाला पकडता येणार नाही. शिवाय विल्यम्स यांची ‘फ्लो’ची (टीव्हीवर सुटे कार्यक्रम नसतात, सलग प्रवाह असतो, ही) कल्पना सगळे क्रमिक पुस्तकातून उचलतात. मूळ चौथ्या प्रकरणात त्यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या पाच वाहिन्यांचे कार्यक्रम समोर ठेवून ती उभी केलीय, हे कित्येकांच्या गावीही नसतं. मूळ पाहिलं नसेल तर कोणाच्या पुस्तकातून घेतलं ते उघड लिहा. मूळ पुस्तकाचा संदर्भ देऊन मोठेपणा मिरवायला जाऊ नका. मास्तर लोक हे ओळखतात.

आता संदर्भाकडे. आउटलाइन आज आणि संदर्भ शेवटच्या रात्री, असं करणारा बुडतो. वहीत पहिली ओळ लिहायच्या आधी कॉपीराइटचं पान उघडा आणि तुमच्या हातातल्या प्रतीचं प्रकाशन, आवृत्ती आणि वर्ष टिपा. याच पुस्तकाची 1990 ची आवृत्ती आहे, 2003 चीही आहे, आणि पान क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. एपीए या संदर्भपद्धतीत अशा वेळी मूळ आणि हातातल्या प्रतीचं, अशी दोन्ही वर्षं तिरकी रेघ मारून देतात: विल्यम्स, 1974/2003. नुसतं पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे, तेवढं बघा.

संपादित ग्रंथात तर हमखास घोळ होतो. माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा एन्कोडिंग-डिकोडिंगवरचा (माध्यमं संदेशात अर्थ कसा घालतात आणि प्रेक्षक तो कसा काढतात, यावरचा) लेख 1973 मध्ये सायक्लोस्टाइल टिपणाच्या रूपात आला आणि 1980 च्या संपादित ग्रंथात त्याचं कापून छोटं केलेलं रूप छापलं गेलं. तुम्ही जे वाचलंत तेच द्या. लेखाचं नाव, मग ग्रंथाचं, संपादकांची नावं, लेखाची पानं. अख्खा ग्रंथ हॉल यांच्या नावावर चढवू नका.

एमएलए, एपीए की शिकागो, यांतली कोणती संदर्भपद्धत हवी हे शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारा. भांडायचा विषय नाही. फक्त कोणाकडून आलेल्या जुन्या नमुना-फाइलीत प्रकाशनाचं शहर मागितलेलं दिसलं तर सावध व्हा. एमएलएची नववी (2021), एपीएची सातवी आणि शिकागोची 2024 ची अठरावी आवृत्ती, तिघीही आता पुस्तकासाठी सहसा शहर मागत नाहीत. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, जरूर वापरा, पण त्याने ओढून आणलेला तपशील कॉपीराइटच्या पानाशी ताडून पाहा. संपादकाला लेखक करून टाकणं ही अशा साधनांची जुनी खोड आहे.

ई-बुक वाचत असाल तर किंडलचा लोकेशन क्रमांक देऊ नका. एमएलए आणि एपीए दोघांनाही तो चालत नाही. खरे पान क्रमांक दिसत नसतील तर प्रकरणाचा क्रमांक द्या, एपीएमध्ये उपशीर्षक किंवा परिच्छेद मोजूनही चालतं. तो परिच्छेद टिपण काढतानाच मोजून ठेवा.