जुना पेनवाला टॅब की नवा मोबाईल? तुलना करताना या चुका टाळा

घरात नवा मोबाईल आला की कपाटातल्या जुन्या टॅबचा निकाल पाच मिनिटांत लागतो. चार्जिंगला लावायचा, चालू होईपर्यंत वाट बघायची, यूट्यूब उघडायचं आणि ते अडखळलं की "गेला हा आता कामातून" म्हणत पुन्हा कपाटात. पुण्यात असे टॅब घरोघरी निघतील. कुणी आर्किटेक्चरला गेलेल्या मुलीसाठी घेतलेला, कुणाला हिंजवडीच्या कंपनीतून मिळालेला, कुणाच्या भावाने अमेरिकेहून येताना आणलेला. २०१२चा गॅलक्सी नोट १०.१, २०१७चा टॅब एस३, २०२०चा टॅब एस६ लाइट, नाहीतर २०१८चा साधा आयपॅड आणि त्याची पांढरी पेन्सिल.

वेग, कॅमेरा, नेटवर्क यांत नवा फोन पुढे असणारच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण पेनवाला टॅब मुळात दोन कामांसाठी घेतात: पानभर मजकूर वाचायला आणि त्यावर हाताने लिहायला. या दोन कामांत दहा वर्षं जुना टॅबही लाखाच्या फोनला ऐकत नाही. फक्त तो नीट तपासायला हवा, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

इंचांवर जाऊ नका

६.७ इंची मोबाईल आणि १०.१ इंची टॅब. ऐकताना वाटतं, टॅब साधारण दीडपट मोठा. पण हे माप कर्णाचं, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं. आजचे मोबाईल उंच आणि अरुंद असतात, त्यामुळे कर्ण वाढतो पण जागा वाढत नाही. क्षेत्रफळ काढलं तर १०.१ इंची टॅबची स्क्रीन त्या मोबाईलच्या पावणेतीनपट भरते.

आता यावर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत फिरणारी एखादी पीडीएफ उघडा. नोट्स ए४ आकाराच्या असतात, पान २१० मिलिमीटर रुंद. ६.७ इंची फोनची उभी रुंदी जेमतेम ७० मिलिमीटर. म्हणजे पान एक तृतीयांश होतं आणि १२ पॉइंटात टाइप केलेलं अक्षर डोळ्यांपर्यंत ४ पॉइंटाचं होऊन पोचतं. १०.१ इंची टॅबची रुंदी १३६ मिलिमीटर, तिथे तेच अक्षर पावणेआठ पॉइंटाचं. ९.७ इंची आयपॅड उभा धरला तर १४८ मिलिमीटर, म्हणजे ए५ वहीइतकाच रुंद. तिथे अक्षर ८च्या पुढे जातं. ४ पॉइंटात इंग्रजी एकवेळ लागेल. मराठीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांचे पाय एकमेकांत जातात, मग दर ओळीला झूम करा, सरकवा, पुन्हा मागे या. परीक्षेच्या तोंडावर हा व्यायाम कोणी करू नये.

उलट बाजूही बघा. २०१२च्या नोट १०.१ची स्क्रीन १२८० बाय ८०० पिक्सेलची, म्हणजे इंचाला १४९ पिक्सेल. आजच्या मधल्या किमतीच्या फोनमध्येही इंचाला ४००च्या आसपास पिक्सेल असतात. त्यामुळे या टॅबवर 'राष्ट्र' किंवा 'उद्धृत' असे शब्द कडेला फुटल्यासारखे दिसतात. २०१४ आवृत्तीच्या नोट १०.१ मध्ये २५६० बाय १६०० पिक्सेल आहेत, तिथे हा त्रास नाही. नाव एकच असल्याने लोक दोन्हींना एकाच मापाने मोजतात. सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर बघा, मगच मत द्या.

तुलना करायची तर तुम्ही खरोखर वाचता त्या पीडीएफचं एक पान दोन्हींवर पूर्ण पान दिसेल असं ठेवा आणि झूम न करता वाचा. बाकी आकडेमोड विसरलात तरी चालेल.

पेन म्हणजे पेन, असं नसतं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. मूळ पेन हरवलेलं असतं, म्हणून बुधवार पेठेतून किंवा ऑनलाइन "सगळ्याला चालतं" असं पेन आणलं जातं. ते स्क्रीनवर टेकवलं की रेघ उमटते, पण हात टेकला की तळव्याच्याही रेघा उमटतात. मग शिव्या टॅबला.

रबराच्या टोकाचं किंवा पारदर्शक चकती असलेलं पेन हे स्क्रीनच्या दृष्टीने बोटच असतं. बोट आणि तळवा यांतला फरक स्क्रीनला कळत नाही. दाब ओळखण्याचाही प्रश्न येत नाही. असं पेन कुठल्याही फोनवर चालतं आणि म्हणूनच कुठेच धड चालत नाही.

सॅमसंगच्या नोट आणि एस-पेनवाल्या टॅबमध्ये वॅकॉम या डिजिटल पेन बनवणाऱ्या कंपनीचं तंत्र आहे. स्क्रीनच्या काचेखाली तारांची एक वेगळी जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पेनमधलं वेटोळं त्याला प्रतिसाद देतं. अशा पेनला बॅटरी लागत नाही. स्क्रीनपासून साधारण एक सेंटिमीटरवर धरलं तरी त्याचा ठिपका दिसतो. खरं-खोटं ओळखायची सोपी खूण हीच: टोक काचेला न लावता वर फिरवा. ठिपका फिरला तर पेन आणि जाळी दोन्ही जिवंत आहेत. ठिपका नाही पण बोटाला स्क्रीन चालते, तर आधी दुसरं पेन लावून बघा. ओळखीत कुणाकडे एस-पेनवाला सॅमसंग असेल तर त्याचं पेन मागून घ्या, बहुतेक एकमेकांना चालतात. स्टेडलरची नॉरिस डिजिटल ही साध्या पेन्सिलीसारखी दिसणारी वस्तूही याच जातीची. अपवाद घडीच्या फोल्ड फोनच्या पेनचा. त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, त्यामुळे अदलाबदल होत नाही.

ॲपलची पहिली पेन्सिल या बाबतीत नाजूक. तिच्यात बॅटरी आहे. वर्ष-दोन वर्षं पेन्सिल कपाटात पडली तर बॅटरी पूर्ण उतरून मरते आणि मग आयपॅडला कितीही वेळ खोचून ठेवली तरी उठत नाही. उठली तर १५ सेकंदांच्या चार्जिंगवर अर्धा तास लिहिता येतं. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, ॲपलची कुठलीही पेन्सिल कुठल्याही आयफोनवर चालत नाही. आयपॅड विकून "आता मोठा आयफोन घेतो, पेन्सिल आहेच" असा हिशोब करणारे भेटतात.

दाबाच्या पातळ्यांचा आकडा जाहिरातीत मोठ्या टायपात असतो. नोट १०.१ मध्ये १०२४, टॅब एस३ मध्ये ४०९६. चित्रं काढणाऱ्याला कदाचित फरक पडेल. नोट्स लिहिणाऱ्याला पडत नाही. पेनचं टोक झिजलं असेल तर मात्र लगेच जाणवतं: टोक तिरकं होतं, काचेवर खरखर लागते, रेघ मध्येच तुटते. खरबरीत स्क्रीनगार्ड लावला असेल तर टोक आणखी लवकर झिजतं. एस-पेनची सुटी टोकं मिळतात, चिमट्याने ओढून बदलता येतात. टॅब दुरुस्तीला देण्याआधी एवढं करून बघा.

कव्हर काढल्याशिवाय टॅब खराब ठरवू नका

पेन चालतं, पण स्क्रीनच्या एका ठराविक पट्ट्यात रेघ थरथरते किंवा गायब होते. दुकानात नेलात तर "डिस्प्ले बदलावा लागेल" ऐकायला मिळण्याची शक्यता भरपूर. त्याआधी कव्हर काढा. पाकिटासारख्या उघडणाऱ्या कव्हरांत चुंबक असतात आणि वॅकॉमची जाळी चुंबकाने बिघडते. टॅब लॅपटॉपवर किंवा ब्लूटूथ स्पीकरशेजारी ठेवून लिहिलंत तरी हेच होतं.

कव्हर काढून, टॅब लाकडी टेबलावर ठेवून, पट्टीच्या आधाराने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरक्या रेघा मारा. सात-आठ रेघा पुरतात. सगळीकडे रेघ सरळ आली तर दोष कव्हरचा होता. एकाच जागी प्रत्येक रेघ वाकडी जात असेल तरच जाळीचा संशय घ्या.

चार्जिंग चालू असताना स्क्रीन आपोआप दाबली जात असेल, ॲप उघडत-मिटत असतील, तर चार्जर बदला. स्वस्त चार्जरमधला विजेचा गोंगाट बोटाच्या स्पर्शात मिसळतो. वायर काढली की भूत उतरतं.

पावसाळ्यात एक गोष्ट टॅबच्या बाजूने जाते. भिजून अभ्यासिकेत पोचलात आणि काचेवर थेंब पडले तर फोनची स्पर्श-स्क्रीन गोंधळते. वॅकॉमच्या पेनला पाण्याचं काही वाटत नाही. अर्थात टॅबच्या आत पाणी गेलं तर गेला. नवे महागडे फोन पाण्यात पडूनही वाचतात, जुने टॅब नाही.

स्लो आहे म्हणजे मेला आहे, असं नाही

जुन्या टॅबमधलं स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं, आताच्या चांगल्या फोनमधलं यूएफएस. पहिलं मुळात हळू, आणि भरत आलं की आणखी हळू. १६ जीबीच्या टॅबमध्ये ३०० एमबी जागा शिल्लक असेल तर त्याला वेगाने चाल म्हणणं अन्याय आहे. जुने व्हिडिओ, वर्षानुवर्षं न उघडलेले ॲप काढा, चार-पाच जीबी मोकळे करा. तेवढ्याने भागलं नाही तर रिसेट मारा.

पण रिसेट मारण्याआधी दोन गोष्टी. सॅमसंगच्या जुन्या एस नोट ॲपमधल्या वह्या एसपीडी नावाच्या स्वरूपात असतात. त्या पीडीएफ करून बाहेर काढा, नाहीतर कॉलेजची चार वर्षं एका बटणात जातील. आणि टॅबमध्ये कुठलं गुगल खातं आहे ते बघून त्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. अँड्रॉइड ५.१ पासून रिसेटनंतर तेच जुनं खातं मागितलं जाऊ शकतं. आयपॅडवरही तसंच कुलूप आहे. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा ऑनलाइन सेकंडहँड टॅब घेताना याचसाठी विकणाऱ्यासमोरच रिसेट मारून, पुन्हा चालू करून, होम स्क्रीनपर्यंत पोचून मगच पैसे द्या.

बऱ्याच साइट उघडत नाहीत, "कनेक्शन सुरक्षित नाही" येतं? आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरली की टॅबची तारीख अनेक वर्षं मागे जाते आणि सगळ्या साइट संशयास्पद ठरतात. तारीख बरोबर असूनही अडत असेल आणि अँड्रॉइड ७.१.१च्या आधीचं असेल, तर कारण वेगळं. लाखो साइट लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं सुरक्षा प्रमाणपत्र वापरतात. त्याचं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, जुन्या अँड्रॉइडसाठी केलेली तात्पुरती सोय २०२४ मध्ये बंद झाली, आणि नवं मूळ या टॅबना माहीतच नाही. व्हॉट्सॲपनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ४ सोडून दिलं. अशा टॅबवर यूपीआय आणि बँकेची ॲप टाकायचीच नाहीत. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर पैशाचा व्यवहार नको. तो वही म्हणून वापरा, नेट फोनवर.

फुगलेली बॅटरी

टॅबची पाठ टेबलावर सपाट बसत नसेल, स्क्रीनची कड उचलल्यासारखी दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, चार्ज करू नका, लगेच दुरुस्तीवाल्याकडे. बराच काळ ठेवून द्यायचा असेल तर निम्मी बॅटरी भरून ठेवा. पूर्ण रिकामी आणि पूर्ण भरलेली, दोन्ही वाईट.

२०१२च्या नोट १०.१ला रुंद, वेगळ्याच पिनची केबल लागते, ती जपा. लॅपटॉपला जोडून हा टॅब चार्ज होत नाही म्हणून घाबरू नका. तिथून येणारा करंट इतका कमी असतो की स्क्रीन चालू असताना आकडा हलतच नाही.

"फोनमध्येच पेन आहे की!"

२०२२च्या एस२२ अल्ट्रापासून सॅमसंगच्या अल्ट्रा फोनमध्ये पेन पोटातच असतं, आणि ते उत्तम आहे. फोन लॉक असताना पेन ओढून काळ्या स्क्रीनवर वाण्याची यादी लिहावी, आलेल्या पीडीएफवर सही करून परत पाठवावी, अशा कामांत टॅब काढून बसण्याची गरज नाही. पण पानभर लिहायला बसलात की मनगट कुठे टेकवायचं हा प्रश्न येतो. अर्धा हात फोनच्या कडेबाहेर लोंबतो, ओळीत चार शब्द मावतात, अक्षर बारीक होत जातं.

एस२५ अल्ट्रा घेतलेल्यांनी पेनचं बटण दाबून लांबून फोटो निघत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला जाऊ नये. त्या पेनमधून ब्लूटूथच काढलं आहे. आणि २०१५चा नोट ५ कुणाकडे असेल तर पेन उलटं खोचू नका. ते अडकतं, आणि जोर लावून ओढलं तर पेन आत आहे की बाहेर हे ओळखणारा भाग तुटतो.

एमपीएससीच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. राज्यसेवा मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून आहे. उत्तरं लिहिण्याचा सराव टॅबवर करू नका, फोनवर तर नाहीच. काचेवर पेन घसरतं, चुकलं की पुसता येतं, वेळेचा अंदाज पार चुकतो. टॅब वाचायला आणि खुणा करायला. उत्तरपत्रिकेला कागद आणि बॉलपेन.

दोन्ही यंत्रं घरात असतील तर छापील नोट्स फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा आणि टॅबवर नेऊन खुणा करा. टॅबचं नेट धड चालत नसेल तर मेमरी कार्ड वापरा: फोनला सी-टाइप कार्ड रीडर लावून पीडीएफ कार्डावर टाकायची आणि कार्ड टॅबमध्ये. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या. ती एफएटी३२ स्वरूपात येतात आणि जुने टॅबही कुरकुर न करता वाचतात. मोठ्या कार्डांचं एक्सफॅट स्वरूप काहींना झेपत नाही आणि "कार्ड खराब आहे, फॉरमॅट करू का" असं विचारलं जातं. तिथे घाईत 'हो' दाबू नका.