पावसाळी गोव्यात जमिनीवरचे कासव सांभाळताना

मराठीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या अशा दोन्ही प्राण्यांना आपण कासवच म्हणतो, आणि गोव्यात जमिनीवरचे कासव पाळणाऱ्याच्या अडचणी या एका शब्दापासूनच सुरू होतात. घरी आलेला पाहुणा परसातल्या कासवाकडे पाहून पहिला प्रश्न हाच विचारतो, की याला विहिरीत का सोडत नाही? विहिरीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तिच्यात कासव सोडायची आपल्याकडे जुनी चाल आहे, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही. परंतु जमिनीवरच्या कासवाचे पाय खांबासारखे असतात, बोटांमध्ये पडदे नसतात आणि पाठीवरचे ओझे पोहू देत नाही. खोल पाण्यात पडले तर ते बुडून मरते. कुळागरात कासव मोकळे सोडणाऱ्याने म्हणूनच पोफळींना पाणी देणारे पाट, तळी आणि विहिरीचा काठ आधी बंदिस्त करावा.

प्राणी घरी आणण्यापूर्वी कागद पाहावेत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले भारतीय तारा कासव दिसायला कितीही मोहक असले, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ते पाळणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. २०१९ पासून सायटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टातही ते आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. आपल्या तळ्या-ओहोळांत आणि पावसाळी शेतांत सापडणारी कासवेही उचलून आणायची नसतात. हौसेने पाळण्यासाठी उरतात ती परदेशी जातींची कासवे, आणि त्यांपैकी सायटीसच्या यादीतल्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी तेही कळवावे लागते. विकणारा जर ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

यापुढचे सारे आफ्रिकी सल्काटा कासवाविषयी आहे, कारण मी गेली काही वर्षे फोंडा तालुक्यातल्या माझ्या परसात तेच सांभाळत आहे. सहाराच्या दक्षिण कडेने, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या कोरड्या पट्ट्यातला हा प्राणी आहे. गालापागोस आणि अल्डाब्राच्या कासवांनंतर जमिनीवरच्या कासवांत आकाराने त्याचाच क्रमांक लागतो. तळहातावर मावणारे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोंचे होते आणि सत्तर वर्षे जगू शकते, हे आणण्याच्या दिवशीच घरातल्या सर्वांना सांगून टाकावे. फ्लॅटच्या गॅलरीत ते आणू नये, याविषयी माझे मत ठाम आहे.

अशा प्राण्याला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात ठेवायचे, तर एक भेद पक्का समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुका तो न समजल्यामुळेच होतात. दमट हवा आणि ओली जमीन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वाढत्या पिल्लाला दमट हवा हवीच असते. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर शंकूसारखे उंचवटे उठतात आणि ते पुढे कधीही बसत नाहीत. दिल्लीकडचे पाळणारे जो दमटपणा फवारे मारून निर्माण करतात, तो आपल्याला फुकट मिळतो. परंतु तोच प्राणी जर थंड, ओल्या जमिनीवर पोट टेकून रात्रंदिवस बसला, तर पोटाकडचे कवच मऊ पडून कुजू लागते आणि छातीत कफ भरतो. त्यामुळे हवेतल्या ओलीची चिंता करू नये. जमिनीतल्या ओलीची मात्र अखंड करावी.

त्या दृष्टीने रात्रीची जागा बांधावी. माझी खोली चिऱ्यांची आहे, जोते परसापेक्षा फूटभर उंच आहे आणि वर कौले आहेत. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आत झोडपू नये आणि सकाळचे ऊन मात्र आत यावे, यासाठी दार पूर्वेकडे ठेवले आहे. जोत्यावर चढायला पायरी न करता लांबट उतार करावा, कारण कासवाला पायरी चढता येत नाही आणि चढायचा प्रयत्न केला तर ते उलटते. आत नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे चार बोटे जाडीचे पसरावेत आणि ओले झालेले तुकडे त्याच दिवशी काढून टाकावेत. भाताचा पेंढा स्वस्त पडतो, पण जून-जुलैत त्यावर आठवडाभरात बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात तो वापरू नये.

कुंपण चिऱ्यांचे, दोन फूट उंचीचे आणि आरपार न दिसणारे असावे. तारेची जाळी लावली, तर पलीकडचे हिरवे गवत दिसत असल्यामुळे कासव दिवसभर तिथेच डोके घासत राहते. भिंतीचा पाया निदान फूटभर जमिनीखाली न्यावा, कारण हे कासव मूळ प्रदेशात उन्हापासून वाचण्यासाठी कित्येक मीटर लांबीची बिळे खोदून राहते आणि आपली जांभ्याची कठीण जमीनही त्याला अडवू शकत नाही. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी पडवीच्या जोत्याशी तांबड्या मातीचा ढीग दिसला. घुशीचे काम समजून मी ते भोक दगड-मातीने बुजवून टाकले. संध्याकाळी पाला घेऊन गेलो, तर कासव कुठेच नाही. कुळागर पालथे घातले, शेजारच्यांना विचारले, आणि शेवटी भोकाशी कान लावला तेव्हा आतून कवच दगडावर घासल्याचा खरखर आवाज आला. पिकास बाजूला ठेवून हाताने माती उकरत मी त्याला बाहेर काढले. त्याच्या डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा तांबडी धूळ होती. त्यानंतर भिंतीच्या कडेने चिऱ्यांची फरसबंदी केली आणि खोदण्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला त्याला स्वतंत्र जागा दिली. कोणतेही भोक बुजवण्यापूर्वी आता मी कासव मोजतो, म्हणजे एकच असले तरी मोजतो.

परसातली दुसरी धोक्याची जागा तुळशीवृंदावन. त्याच्या जोत्याच्या कडेवर पाय रोवून कासव वर चढू पाहते आणि पाठीवर पडते. मे महिन्यात दुपारी उलटे पडलेले कासव फार थोड्या वेळात मरू शकते, म्हणून वृंदावनाभोवती चिऱ्यांची एक ओळ आडवी लावावी. तीन वर्षांपर्यंतच्या पिल्लांना रात्री घरातच घ्यावे आणि दिवसा जाळीखाली ठेवावे; मुंगूस, कावळे आणि भटकी कुत्री यांच्यापुढे त्या वयातले कवच टिकत नाही.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत ऊन पडलेल्या प्रत्येक तासाचा उपयोग करावा. श्रावणात दोन तास उघडीप मिळाली, तरी जमीन निथळलेल्या जागी कासवाला बाहेर सोडावे आणि आत घेताना पोट फडक्याने कोरडे करावे. संततधार असेल तेव्हा खोलीत अतिनील ब किरणे देणारी नळी रोज दहा-बारा तास लावावी, कारण या किरणांशिवाय त्याच्या शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कवचापर्यंत पोहोचत नाही. ही किरणे खिडकीच्या काचेतून आरपार जात नाहीत. काचेआड ठेवलेल्या कासवाला ऊब मिळते, ऊन मिळत नाही. नळी उजळत असली तरी तिची किरणे कालांतराने क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. रात्री खोलीत कासवाच्या पाठीच्या उंचीवर तापमान सत्तावीस अंशांच्या खाली जाऊ लागले, तर प्रकाश न देणारा सिरॅमिकचा हीटर साखळीने टांगून आणि जाळीत बंद करून थर्मोस्टॅटवर लावावा. वादळी रात्री वीज जातेच, तेव्हा झाकण असलेली लाकडी पेटी आणि गोणपाटात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या उपयोगी पडतात.

खाण्याच्या बाबतीत गोव्याइतकी सोय क्वचितच कुठे असेल. सल्काटा हा गवत खाणारा प्राणी आहे. त्याच्या आहारात दहापैकी आठ-नऊ हिस्से गवत आणि चारा असावा. पहाटे बांधावर फिरायला जाणाऱ्याने सोबत कोयता आणि पिशवी ठेवली, की हरळी, गिनी गवत आणि रताळ्याच्या वेलीची पाने अर्ध्या तासात गोळा होतात. ज्या बांधावर तणनाशक मारले असेल, तिथले काहीही घेऊ नये. घरच्या झाडांपैकी जास्वंदीची फुले व पाने, तुतीचा पाला आणि काटे काढलेले फड्या निवडुंग उत्तम. तांबड्या जास्वंदीचे फूल दिसले, की माझे कासव मान लांब करून, दोन्ही पुढचे पाय ताठ करून चालू लागते. अळू, कण्हेर, घाणेरी आणि शोभेची डायफेनबॅकिया ही झाडे परसात सर्रास असतात, पण ती कासवाच्या तोंडाच्या टप्प्यात असू नयेत. भात, पोळी, पाव आणि कुत्र्याचे खाद्य कधीही देऊ नये.

फळेही देऊ नयेत, आणि इथेच माणसाचे प्रेम आडवे येते. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडे आणि मेमध्ये मानकुराद आंबे झाडाखाली पडतात. साखरेने कासवाच्या पोटातले पाला पचवणारे जंतू बिघडतात. माझ्या कासवाने एकदा पडलेला आंबा कोयीपर्यंत साफ केला आणि पुढचे पाच दिवस त्याची विष्ठा शेणकाल्यासारखी पातळ होत राहिली. त्या काळात झाडाखालची जागा रोज झाडून घ्यावी. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीतले, ती उतरवल्यानंतरचे रानफळांचे घोसही त्याच्यापुढे टाकू नयेत. त्यांत कौंडाळासारखी विषारी फळे असतात.

चुन्यासाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिशच्या पाठीतले पांढरे हाड, पुरे. तो गंध्याच्या दुकानात मिळतो आणि किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत सापडतोही; आठवडाभर गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून व उन्हात वाळवून तो खोलीत ठेवून द्यावा. कासव आपल्या गरजेप्रमाणे कुरतडते.

पिल्लांना रोज आणि मोठ्यांना कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे. पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकेच असावे आणि त्या वेळात जागेवरून उठू नये. या पाण्यात ते पाणी पिते आणि मूत्राबरोबर पांढरा साका टाकते. साका ताकाच्या निवळीसारखा असेल तर ठीक. हाताला वाळूसारखा खरखरीत लागला, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात.

कासवी नुसत्या नजरेने पिलांना वाढवते, ही कल्पना आपल्याला संतकाव्यातून परिचित आहे. प्रत्यक्षात ती अंडी पुरून निघून जाते. नजर ठेवावी लागते ती पाळणाऱ्याला. रोज चारा टाकताना नाकपुड्या कोरड्या आहेत का, डोळे उघडे आहेत का, एवढे पाहावे. आठवड्यातून एकदा त्याला दोन्ही हातांनी आडवे धरून किंचित कलते करून पोटाचे कवच तपासावे, उलटे मात्र करू नये. महिन्यातून एकदा सुपारी तोलण्याच्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे, कारण कवचाच्या आत प्राणी रोडावला तरी बाहेरून दिसत नाही. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून शिटीसारखा आवाज, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्यावे. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गुरे आणि कुत्री पाहतात, त्यामुळे एक गोष्ट आपणच सांगावी: गोचिडांसाठी आणि जंतांसाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरते. मी हे वाक्य कासवाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे आणि दवाखान्यात गेल्यावर वही उघडूनच टेबलावर ठेवतो.

पाऊस उघडल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून, कासवाला पुन्हा पूर्ण दिवस बाहेर सोडता येते. त्याआधी भिंतीचा पाया कुठे धसला आहे का ते फिरून पाहावे, खोदण्याच्या जागेतला गाळ उपसावा, उगवलेली घाणेरीची रोपे मुळासकट काढावीत आणि खोलीतले सोडणाचे सर्व तुकडे बदलून जोते दोन दिवस उन्हात तापू द्यावे. चार महिने नळीच्या उजेडात राहिलेल्या प्राण्याला पहिल्या दिवशी भर दुपारी मोकळे न सोडता सकाळचे दोन तास द्यावेत आणि आठवडाभरात वेळ वाढवत न्यावा. सावली मात्र पहिल्या दिवसापासून असावी.