स्पोर्ट्स कार घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

निव्वळ वेग हवा असेल, तर ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक घ्यावी, कारण त्यात पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार असतो आणि बदलताना चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ खंडित होत नाही. पोर्शच्या २०१७ च्या ९११ जीटी३ मध्ये ० ते १०० किमी वेगासाठी ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागत, तर मॅन्युअलला ३.९. तरीही २०१३ मध्ये केवळ ऑटोमॅटिक दिलेल्या या गाडीत कंपनीने मॅन्युअल परत आणला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. वळणाआधी ब्रेक दाबत असतानाच उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करून खालचा गिअर अलगद बसवण्यातला आनंद आकड्यांत मावत नाही.

मात्र रोज गर्दीतून जायचे असेल, तर निर्णयापूर्वी गाडी अर्धा तास तरी कोंडीत चालवून पाहावी. जड क्लचने डावा पाय भरून येतो. काही ड्युअल-क्लच गाड्याही रांगताना हिसके देतात.

जुनी मॅन्युअल घेताना मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा: इंजिनाच्या फेऱ्या झपाट्याने वाढल्या, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.