स्त्रियांच्या मानसिक आरोग्यासाठी थेरपिस्ट शोधताय? या चुका टाळा

दवाखान्याच्या पाटीवर किंवा इन्स्टाग्रामवर ‘विमेन्स मेंटल हेल्थ स्पेशालिस्ट’ असे लिहिलेले दिसले की शोध संपल्यासारखे वाटते; परंतु स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ म्हणून वेगळी नोंदणी करणारी कोणतीही परिषद भारतात नाही, त्यामुळे हे शब्द कोणीही आपल्या नावापुढे लावू शकते. नोंदणी होते ती मूळ पदवीची. विशिष्ट प्रश्नांचा अनुभव किती आहे, हे विचारूनच जोखावे लागते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

पदवी न तपासणे

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो आणि त्याची नोंद राज्याच्या वैद्यक परिषदेकडे असते. औषधे हवी असतील तर त्याच्याकडे जावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि त्याचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र सगळे सैल आहे. दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती आणि चार शनिवार-रविवारच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीला लावलेली व्यक्ती, दोघीही स्वतःला ‘काउन्सेलर’च म्हणवतात. म्हणून शिक्षण कुठे व किती वर्षे झाले आणि सध्या कोणाच्या देखरेखीखाली काम चालते, हे पहिल्या फोनवरच विचारावे. प्रामाणिक समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

स्त्री आहे म्हणजे समजून घेईलच, असे गृहीत धरणे

स्त्री थेरपिस्टसमोर पाळी, शरीरसंबंध किंवा गर्भपाताविषयी बोलणे अनेकींना सोपे जाते आणि तशी निवड करण्यात काहीच गैर नाही. परंतु ‘संसारात थोडे जुळवून घ्यावेच लागते’ हे वाक्य स्त्री समुपदेशकांच्या तोंडूनही ऐकायला मिळते, आणि अशा ठिकाणी बाईच्या दुःखाला तिचा हट्ट ठरवले जाते. त्यापेक्षा सरळ प्रश्न विचारावेत. प्रसूतीनंतरच्या नैराश्याच्या किती स्त्रियांबरोबर आपण काम केले आहे? वंध्यत्वाचे उपचार चालू असलेल्या किंवा गर्भपात झालेल्या स्त्रिया आपल्याकडे येतात का? गरज पडली तर आपण कोणत्या स्त्रीरोगतज्ज्ञाशी किंवा मनोविकारतज्ज्ञाशी सल्लामसलत करता? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा, कारण ज्याला खरोखर या क्षेत्रात काम करायचे आहे, त्याला एकट्याने काम करून भागत नाही.

शरीर आणि मन यांच्या तपासण्या वेगवेगळ्या समजणे

सतत थकवा, चिडचिड, रडू येणे, एकाग्रता न होणे ही लक्षणे नैराश्याची असू शकतात, तशीच ती थायरॉइड मंदावल्याची किंवा रक्त कमी असल्याचीही असू शकतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात तर थायरॉइडला तात्पुरती सूज येऊन आधी धडधड व नंतर मरगळ असा उलटसुलट क्रमही दिसतो. थेरपी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहून घेतले तर विनाकारण जाणारे महिने वाचतात. चाळिशीनंतर पाळी अनियमित झाली असेल, रात्री घाम येऊन झोप मोडत असेल आणि त्याच सुमारास मन बिघडले असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञालाही दाखवावे.

पाळीपूर्वीच्या त्रासाच्या बाबतीत आणखी एक चूक वारंवार होते, ती म्हणजे आठवणीवर विसंबून राहणे. पाळीपूर्वीचा तीव्र मनोविकार, म्हणजे पीएमडीडी, हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत स्वतंत्रपणे आले. ते निश्चित करण्यासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो, पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ओसरतो आणि नंतरचे दिवस स्वच्छ जातात, असा आकृतिबंध नोंदीतून दिसला पाहिजे. त्रास महिनाभर सारखाच असेल तर प्रश्न वेगळा आहे. ही वही पहिल्या भेटीला बरोबर न्यावी.

बाळंतिणीच्या बाबतीत ‘सव्वा महिना होऊ दे’ म्हणून थांबणे

इथे थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण वेळ दवडल्याची सर्वाधिक किंमत इथेच मोजावी लागते. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत रडू येणे आणि मन हळवे होणे बहुसंख्य स्त्रियांना होते आणि ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप निवळते. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येईना, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार लागतात. तिसरी अवस्था, म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस, हजारात एक-दोघींना होते आणि तिच्यात थेरपिस्ट शोधत बसणे हीच चूक ठरते. सहसा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक झोप उडणे, भास होणे, घरच्यांविषयी संशय, बाळाविषयी भलत्याच समजुती अशी ती सुरू होते. तिला ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावण्यात किंवा माहेरी पाठवण्यात दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी मनोविकार विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि तोवर आई व बाळ दोघांनाही एकटे सोडू नये.

गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्याचा संबंध गरिबी, पतीशी बिघडलेले नाते आणि बाळ मुलगी असणे यांच्याशी दिसला. थेरपिस्टने फक्त झोप आणि भूक विचारली, पण घरात पैसे कोणाच्या हातात आहेत किंवा मुलगी झाल्यावर घरचे काय बोलले हे विचारलेच नाही, तर निम्मा इतिहास बाहेरच राहतो. एडिंबरा प्रसूतीपश्चात नैराश्य मापिका १९८७ पासून वापरात आहे. तिच्यात मागील सात दिवसांविषयी १० प्रश्न आहेत. ती चाळणी आहे, निदान नव्हे, पण थेरपिस्टला ती माहीत आहे का, एवढे विचारूनही त्याच्या तयारीचा अंदाज येतो.

औषधांबाबत दोन टोकाच्या चुका होतात. बाळ अंगावर पीत आहे म्हणून औषध नकोच, ही पहिली. वास्तविक स्तनपान चालू असताना तुलनेने सुरक्षित मानली जाणारी औषधे आहेत, सर्ट्रालीन हे त्यांपैकी एक. दुसरी चूक म्हणजे गर्भधारणेचा विचार चालू असूनही तो मनोविकारतज्ज्ञाला न सांगणे. बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएट या औषधामुळे गर्भाच्या मेंदूला आणि मज्जारज्जूला अपाय होऊ शकतो, म्हणून हे बोलणे दिवस राहण्यापूर्वीच व्हायला हवे. मात्र भीतीने स्वतःहून गोळ्या बंद करणेही तितकेच धोक्याचे असते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून माता-बालक कक्ष आहे, जिथे आईला बाळासह दाखल करून घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसारही तीन वर्षांखालील मुलाला, त्याला धोका नसल्यास, उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही. आईला दाखल करण्याच्या भीतीने घरचे उपचार टाळत असतील, तर ही तरतूद त्यांना जरूर सांगावी.

मारहाणीच्या घरात जोडप्याचे समुपदेशन निवडणे

पतीकडून मारहाण किंवा धमक्या होत असतील, तर दोघांना एकत्र बसवणारे समुपदेशन हा पहिला उपाय नव्हे. तिथे बाई खरे बोलली तर घरी गेल्यावर त्याची शिक्षा तिलाच भोगावी लागते, आणि बोलली नाही तर थेरपिस्टला चुकीचेच चित्र दिसते. जाणता थेरपिस्ट सुरुवातीला तिला एकटीलाच भेटतो आणि सुरक्षिततेविषयी स्पष्ट विचारतो. मुंबईत महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. केसपेपर काढायला गेलेल्या बाईला तिथेच समुपदेशन मिळते, त्यामुळे घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही, आणि माझ्या मते हाच या रचनेचा सर्वांत मोठा गुण आहे. अन्यत्र १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकारी यांची मदत घेता येते.

गुप्ततेचा विचार उशिरा करणे

ओळखीच्यांकडून नाव मिळाले की विश्वास वाटतो, पण सासूच्या मैत्रिणीची भाची असलेल्या समुपदेशकाकडे मोकळे बोलता येईलच असे नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत समजावून घ्यावेत. पतीचा किंवा वडिलांचा फोन आला तर आपण काय सांगाल, हेही तेव्हाच विचारावे. ऑनलाइन सेशन घ्यायचे असेल तर घरात दार लावून बसता येईल अशी वेळ ठरवावी आणि यूपीआयचा संदेश कोणाच्या फोनवर जातो हे तपासावे.

खर्चाला घाबरून शोधच सोडून देणे

शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण सेवा मिळते, तर गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. खाजगी थेरपिस्टकडे फीमध्ये सवलतीच्या जागा असतात का, हे विचारायला संकोचू नये. आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावा असे कायदा सांगतो, तरी दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाची फी अनेक पॉलिसींमध्ये मिळत नाही.

जमत नसताना रेटत राहणे, किंवा न सांगता सोडणे

पहिल्या एक-दोन भेटींनंतर मन अधिक ढवळून निघणे स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. चार-सहा भेटी झाल्यावरही आपण नेमके कशावर काम करत आहोत हे सांगता येत नसेल, तर ते थेरपिस्टलाच विचारावे. बरेच अडलेले काम या एका संभाषणाने सुटते. थेरपिस्ट स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत असेल, धर्माचा किंवा लग्न टिकवण्याचा उपदेश करत असेल, शारीरिक लगट करत असेल, तर मात्र तिथे राहण्याचे कारण नाही. दुसरीकडे जाताना आपल्या उपचारांच्या नोंदी मागून घ्याव्यात; त्या पाहण्याचा अधिकार २०१७ च्याच कायद्याच्या कलम २५ ने दिलेला आहे, आणि त्या हाती असल्या की नव्या ठिकाणी सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.