मुलाला बालरोगतज्ज्ञ आणि वैद्य, दोघांचंही औषध चालू असेल तर

नाशिकमध्ये हे घरोघरी चालतं. तापाला बालरोगतज्ज्ञ, भूक लागत नाही म्हणून पंचवटीतले वैद्य, सततच्या सर्दीला होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या, वर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन (मध-तुपातून सोन्याचं भस्म चाटवणं). घोळ होतो तो एकाचं दुसऱ्याला न सांगितल्यामुळे.

एक वही करा. पहिल्या पानावर जन्मतारीख, वजन (तारखेसह), ॲलर्जी, झालेल्या लसी. पुढे प्रत्येक औषधाला एक ओळ: नाव, ५ मिलीत किती मिलिग्रॅम, किती वेळा, कुणी दिलं, कधी सुरू, कधी बंद. बाळगुटी, काढा हेही लिहा. घरचं म्हणून सोडू नका. बिनलेबलची पुडी मिळाली तर घटक लिहून मागा आणि त्यात भस्म (धातू जाळून केलेली पूड) आहे का ते विचारा, कारण काही रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांच्या आयुर्वेदिक औषधांत, पारा किंवा शिसं असतं. लिहून मिळालं नाही तर पुडी देऊ नका.

सगळ्यात जास्त गफलत पॅरासिटामॉलची. आयुर्वेदाची पदवी असलेले अनेक डॉक्टर ॲलोपॅथीही देतात, त्यामुळे वेगळ्या नावाच्या दोन बाटल्यांत तेच औषध निघतं. एका वेळचा डोस साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५०. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात; सिरपसारखे ५ मिली पाजले तर ५०० गेले! यकृताला धोका असतो तो इथे.

सुवर्णप्राशनात मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, बोट्युलिझमचा (जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो.

नवं औषध एका वेळी एकच. दुसरं तीन-चार दिवसांनी. नाहीतर पुरळ कशाने आलं ते कुणालाच सांगता येत नाही. दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, इन्सुलिन मात्र वैद्यांच्या सांगण्यावरून थांबवायचं नाही; फिटची गोळी एकदम बंद केल्यास झटके वाढतात. दोघांचं मत जुळत नसेल तर निरोप्या होऊ नका, तुमच्यासमोर त्यांना फोनवर बोलायला सांगा. चांगला डॉक्टर याला नाही म्हणत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, किंवा कुठल्याही वयाच्या मुलाला श्वास लागणं, झटका किंवा दूध न पिणं, यांत वहीसुद्धा शोधू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशन ठरलं तर वही भूलतज्ज्ञांना तारीख ठरतानाच दाखवा. काही वनौषधींनी रक्त गोठायला उशीर लागतो, त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते तेच सांगतील.