क्यूबसॅट: कॅमेऱ्याआधी विजेचा हिशोब

क्यूबसॅटचा, म्हणजे १० सेंटिमीटरच्या घनांनी बनलेल्या छोट्या उपग्रहाचा आराखडा करताना सगळे आधी कॅमेरा निवडतात. तसं करू नका. आधी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये विजेचा जमाखर्च मांडा.

१० सेंटिमीटरच्या घनाच्या एका बाजूवर जेमतेम १३.६ वॅट ऊन पडतं. सोलर सेल पूर्ण बाजू व्यापत नाहीत आणि त्यांची कार्यक्षमता असते साधारण २८ टक्के, म्हणजे हातात सव्वादोन वॅटच्या आसपास. त्यात ५०० किलोमीटरवरच्या सुमारे ९५ मिनिटांच्या प्रदक्षिणेत ३५ मिनिटं अंधाराची. सरासरी दीड वॅटच्या आतच धरा. रेडिओ प्रक्षेपण करताना चार वॅट ओढत असेल, तर तो किती मिनिटं चालेल ते इथेच कळतं.

मग १यू, २यू, ३यू (म्हणजे एक, दोन, तीन घनांचा उपग्रह) असे तीन रकाने करा आणि प्रत्येकात २०-३० टक्के राखीव ठेवा. (ही राखीव वीज पुढे कोणीतरी खातंच!)

दिशा-नियंत्रणासाठी लगेच रिअ‍ॅक्शन व्हीलकडे (उपग्रह वळवणाऱ्या, विजेवर फिरणाऱ्या चाकाकडे) धावू नका. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, २०१६ साली इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून गेलेला जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ उपग्रह वीज न खाणाऱ्या चुंबकीय पद्धतीवर बेतला होता. संदेश पोचवायला तेवढं पुरतं. रेखीव फोटो हवे असतील तर मात्र नाही.